शंभर फुटी पुतळ्याची फाइल

सर्वसाधारण सभेच्या ठरावात सगळ्यात आधी उंची येते. 'शहरात अमुक महापुरुषांचा १०० फूट उंचीचा भव्य पुतळा उभारण्यास मान्यता देण्यात येत आहे.' जागा 'आयुक्तांनी निश्चित करावी', खर्च 'योग्य त्या लेखाशीर्षातून'. पाया, वारा, धातू, देखभाल यांबद्दल त्यात अक्षर नसतं. महापालिकेच्या प्रकल्प विभागात असा ठराव हातात आल्यापासून पुतळ्यावरचं कापड उतरेपर्यंतचं काम आम्ही केलं आहे. त्या वाटेवर काय लागतं, कुठे अडतं आणि पैसा कशात जातो ते इथे लिहितो. शहराने मोठ्या पुतळ्यावर जनतेचा पैसा घालावा का, हा वाद सभागृहात वर्षानुवर्षं चालतो. मोजमाप पुस्तकात, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहिण्याच्या वहीत, तो बराचसा मिटतो. आमचं मत असं, की शहराने पुतळा जरूर उभारावा, पण उंचीचा आकडा ठरावात लिहू नये. जागा, शिल्पकार आणि देखभालीचा पैसा ठरल्यावर उंची आपोआप निघते, आणि ती बहुतेक वेळा शंभर फुटांच्या खूप खाली असते.

फाइल आधी लेखा विभागात जाते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये कलम ६३ खाली बंधनकारक कामं आहेत आणि कलम ६६ खाली ऐच्छिक. पाणी, मैला, दिवाबत्ती ६३ मध्ये बसतात, नवा पुतळा बसत नाही. त्यामुळे मुख्य लेखापरीक्षकांचा पहिला शेरा ठरलेला असतो: बंधनकारक कामांची देणी किती थकली आहेत? या शेऱ्याला अडवणूक म्हणण्याची पद्धत आहे. आम्हाला तो फाइलीतला सगळ्यात प्रामाणिक कागद वाटतो. त्याला आकड्यात उत्तर द्यावं. ठेकेदारांची थकीत बिलं, चालू असलेल्या जलवाहिन्यांची उरलेली रक्कम, पुढच्या तीन वर्षांची कर्जफेड, हे सगळं एका पानावर मांडलं की किती मोठा पुतळा परवडेल याचा अंदाज नगरसेवकांना स्वतःलाच येतो.

मग परवानग्या. सामान्य प्रशासन विभागाच्या २ मे २०१७ च्या शासन निर्णयात राष्ट्रपुरुष आणि थोर व्यक्तींच्या पुतळ्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे प्रस्ताव जातो. त्यासोबत जागेच्या मालकीचा पुरावा, पोलिसांचा कायदा-सुव्यवस्थेचा आणि वाहतुकीचा अभिप्राय, चौथऱ्याच्या नकाशाला वास्तुशास्त्रज्ञांची मान्यता आणि मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. त्याच व्यक्तीचा दुसरा पुतळा २ किलोमीटरच्या परिघात नसावा ही अटही आहे. ती वाचायची राहून जाते आणि वर्षभराने उघडकीस येते, म्हणून पहिल्याच दिवशी शहराच्या नकाशावर जुने पुतळे टिंबांनी मांडून घ्यावेत. उंच बांधकामाला विमानतळ प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला लागतो. पुण्यासारख्या ठिकाणी हवाई दलाचाही लागतो. हा दाखला चौथऱ्यासह एकूण उंचीवर मिळतो आणि तो समुद्रसपाटीपासून मोजलेला असतो. टेकाडावरची जागा निवडली, तर मंजूर उंचीतली बरीचशी टेकाडच खाऊन टाकतं.

जागेच्या बाबतीत जानेवारी २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश टाळता येत नाही. सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकांच्या वापराच्या इतर जागांवर नव्या पुतळ्याला परवानगी देऊ नये, असं त्यात राज्यांना बजावलं आहे. म्हणजे चौक बाद. उरतं उद्यान किंवा महापालिकेच्या मालकीचं मोकळं मैदान. इथेच उंचीचा पहिला हिशेब लागतो. १०० फुटांचा पुतळा आणि ४० फुटांचा चौथरा मिळून १४० फूट. मान न दुखता अख्खी आकृती दिसायला माणसाने उंचीच्या साधारण दुप्पट, म्हणजे २८० फूट लांब उभं राहावं लागतं. चारही बाजूंनी तेवढी मोकळीक ठेवायची तर साडेपाच एकरांहून थोडी जास्त जागा लागते. शहराच्या मध्यात एवढी जागा असते ती खेळाच्या मैदानाची. ६० फुटांवर उभं राहणाऱ्याला हनुवटीची खालची बाजू आणि अंगरख्याचा घेर दिसतो, चेहरा दिसत नाही. ज्यांच्या चेहऱ्याकडे बघून चार शब्द मनात यावेत, त्यांचा चेहराच दिसू नये अशा जागी त्यांना उभं करणं आम्हाला अनादर वाटतो.

मातीचा नमुना हा सगळ्यात नाजूक टप्पा, आणि त्यालाच सगळ्यात कमी वेळ दिला जातो. शिल्पकार आधी दोन-तीन फुटांचा छोटा नमुना करतो. तो समितीने पाहिला की त्याचं त्रिमितीय स्कॅन होतं. त्यावरून यंत्राने थर्माकोलचे ठोकळे कापून मोठा आकार जुळवतात आणि वर मातीचा थर चढवून हाताने काम होतं. छोट्या नमुन्याची निव्वळ पटीने वाढ केली तर वर उभारल्यावर डोकं लहान आणि पोट मोठं दिसतं, कारण डोकं डोळ्यापासून सगळ्यात लांब असतं. जाणता शिल्पकार डोकं आणि खांदे मुद्दाम थोडे मोठे करतो आणि चेहरा किंचित पुढे झुकवतो. समिती मात्र नमुना खोलीत, टेबलावर, डोळ्यांच्या रेषेत बघते आणि 'डोकं मोठं वाटतं' असा शेरा मारते. उपाय सोपा आहे. नमुना परांचीवर बांधून उंचावर ठेवायचा आणि सदस्यांना प्रत्यक्षातल्या कोनातून खालून बघायला लावायचं. मान्यतेच्या पत्रात नमुन्याची उंची, प्रत्यक्ष पुतळ्याची उंची, धातू आणि आतल्या सांगाड्याचा प्रकार या चारही गोष्टी लिहून घ्याव्यात.

हे शेवटचं वाक्य मालवणने शिकवलेलं आहे. राजकोट किल्ल्यावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नऊ महिनेही पुरे झाले नव्हते. कला संचालनालयाने नंतर सांगितलं की त्यांनी मान्यता दिलेला मातीचा नमुना सहा फुटांचा होता, ३५ फुटांची आणि आतल्या पोलादाची कल्पना त्यांना दिलेली नव्हती. चौकशी समितीने गंज, कमकुवत सांगाडा आणि चुकीचं वेल्डिंग यांवर बोट ठेवलं. त्या दिवशी महाराष्ट्रात जे दुःख पसरलं, ते मोजमाप पुस्तकात मांडता येणारं नाही. पण ज्या कागदावर उंची, धातू आणि सांगाडा एकत्र लिहिलेले असायला हवे होते तो कागदच नव्हता, ही गोष्ट आमच्या खात्यातल्या प्रत्येकाने भिंतीवर लावून ठेवावी अशी आहे.

आता उंचीचं गणित. उंची दुप्पट केली की पृष्ठभाग चौपट होतो, म्हणून पत्र्याची जाडी तीच ठेवली तरी धातू चौपट लागतो. वाराही चौपट लागतो, आणि तो दुप्पट उंचीवर लागत असल्यामुळे पायाशी येणारा मोमेंट, म्हणजे पुतळा उलथवू पाहणारा जोर, आठपट होतो. उभ्या आकृतीचा १०० फुटी पुतळा घेतला, तर अंगरखा आणि शेल्याच्या चुण्या धरून पृष्ठभाग नऊशे ते हजार चौरस मीटर भरतो. ब्राँझची जाडी ८ मिलिमीटर धरली तर चौरस मीटरला सुमारे ७० किलो, म्हणजे नुसता बाहेरचा धातू ६५ ते ७० टन. हाच पुतळा १५ फुटांचा केला तर दीड टनात होतो.

वाऱ्यासाठी भारतीय मानक ८७५ चा तिसरा भाग पाहायचा. पुण्यात मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, मुंबईत आणि नागपुरात ४४. उंचीचे आणि महत्त्वाच्या बांधकामाचे गुणक लावले की पुण्यात १०० फुटांवर चौरस मीटरला साधारण १३० किलो दाब येतो. समोरून दिसणारं क्षेत्र २५० चौरस मीटर धरलं तर आकाराचा गुणक लावण्याआधीच ३२ टनांचा धक्का बसतो. तो मधोमध, १५ मीटरवर धरला तर घोट्यापाशी ४८० टन-मीटरच्या आसपास मोमेंट येतो. आणि घोटा हा माणसाच्या आकृतीतला सगळ्यात बारीक भाग. म्हणूनच मोठ्या पुतळ्यात जमिनीपर्यंत येणारा शेला, पायामागचा खडक, बाजूला टेकवलेली ढाल अशी रचना करतात, आणि तिच्या आडून पोलादाचे खांब चौथऱ्यात उतरवतात. अश्वारूढ पुतळ्यात घोड्याचे पुढचे दोन पाय उचलले की सगळा भार मागच्या पायांवर आणि शेपटीवर येतो. शिल्पकाराने शेपूट जमिनीला टेकवलेली असते ती त्यासाठीच. वर उगारलेली तलवार वाऱ्याने थरथरते. ती थरथर मनगटाच्या जोडापाशी साठत जाते आणि पहिला तडा तिथेच जातो. तलवारीच्या आतला दांडा खांद्यापर्यंत सलग हवा, मनगटाशी जोडलेला चालणार नाही.

हा सगळा हिशेब झाल्यावर कुणीतरी म्हणतं, 'शेजारच्या शहरात १०० आहे, आपण १२० करू.' वीस टक्के उंची म्हणजे ४४ टक्के जास्त धातू आणि पायाशी ७३ टक्के जास्त मोमेंट. पाया ओतून झालेला असेल तर तो फोडावा लागतो. मुंबईत इंदू मिलच्या जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मारकात जानेवारी २०२० मध्ये पुतळ्याची उंची २५० वरून ३५० फूट झाली, १०० फुटांचा चौथरा धरून एकूण ४५०, आणि खर्च ७६३ कोटींवरून सुमारे १,०९० कोटींवर गेला. अरबी समुद्रातल्या शिवस्मारकात २०१८ मध्ये खर्च आवरण्यासाठी मूळ आकृतीची उंची ८३.२ मीटरवरून ७५.७ वर आणली आणि तलवार ३८ ची ४५.५ मीटर केली. एकूण उंची तीच राहिली. उंचीचा आकडा आधी जाहीर केला की पुढे सगळं त्याच्या मागे कसं धावतं, हे यात दिसतं.

धातू आणि सांगाडा यांचं एकमेकांशी पटत नाही, हे अंदाजपत्रक करणाऱ्याने नीट समजून घ्यावं. साधं पोलाद आणि ब्राँझ ओलाव्यात एकमेकांना टेकले की पोलाद झपाट्याने गंजतं. किनाऱ्यावर खारी हवा असल्याने हे काही महिन्यांत होतं. त्यात फुगण्याचा फरक. ब्राँझ दर अंशाला दर मीटरमागे ०.०१८ मिलिमीटर वाढतं, साधं पोलाद ०.०१२. हिवाळ्यातली पहाट आणि उन्हाळ्यातली दुपार यांत धातूच्या तापमानात ४० अंशांचा फरक सहज पडतो. ३० मीटर उंचीत ब्राँझ २१ ते २२ मिलिमीटर वाढतं आणि पोलाद १४, म्हणजे ७ मिलिमीटरची ओढाताण. जोड घट्ट वेल्ड केले असतील तर ती ओढ कुठेतरी तडा पाडूनच सुटते. म्हणून लांबट भोकांचे बोल्ट, मध्ये निओप्रीन किंवा टेफ्लॉनच्या पट्ट्या, आणि परवडत असेल तर स्टेनलेस स्टीलचा सांगाडा. स्टेनलेस ब्राँझच्या जवळपास सारखंच फुगतं आणि त्याच्याशी भांडतही नाही, पण साध्या पोलादापेक्षा कितीतरी महाग पडतं. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यात हेच झालं. आत लोखंडी पट्ट्या, बाहेर तांब्याचा पत्रा, मधलं अस्तर जुनं होऊन गेलं आणि लोखंड गंजून फुगलं. १९८४ ते ८६ मध्ये त्या पट्ट्या बदलून स्टेनलेसच्या बसवाव्या लागल्या.

त्या पुतळ्याचा चौथरा शहराच्या पैशातून झाला नाही हेही सांगायला हवं. ५० हजार डॉलर देण्याचं विधेयक १८८४ मध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी नाकारलं. मग जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या वर्तमानपत्रातून वर्गणी मागितली आणि लाखाहून जास्त लोकांनी मिळून लाखाहून जास्त डॉलर दिले. वर्गणी हा आपल्याकडे जुना आणि सन्मानाचा मार्ग आहे. आमचा अनुभव असा, की वर्गणीच्या पुतळ्याची उंची कधी हाताबाहेर जात नाही, कारण पैसे मोजणारी माणसं रोज समोर असतात.

निविदेचा भाग. राज्य दरसूचीत, म्हणजे सरकारी कामांच्या ठरलेल्या दरांच्या यादीत, पुतळ्याचा दर नसतो, तेव्हा दर कशाच्या एककावर मागायचा हा खरा प्रश्न. फुटाला दर दिला तर उंची वाढवण्यात सगळ्यांचं हित. किलोला दर दिला तर धातू जाड होतो आणि सांगाड्यावर विनाकारण भार येतो. एकरकमी दर दिला तर धातू पातळ होतो. आम्ही एकरकमी दर ठेवून देयकाचे टप्पे पाडले: मातीच्या नमुन्याची मान्यता, पूर्ण आकाराचा फायबरचा साचा, ओतलेल्या भागांचं धर्मकाट्यावर वजन, कारखान्यातच केलेली कोरडी जुळणी, जागेवरची उभारणी. शेवटचे १० टक्के दुसरा पावसाळा पार पडल्यावर. जाडीसाठी अट सरासरीची नको, किमान जाडीची हवी. सरासरी ८ मिलिमीटर लिहिलं की छातीवर १० आणि चुण्यांच्या खाचेत ४ निघतं, आणि तडा खाचेतच जातो. शिल्पकाराच्या अनुभवाची अट लिहिताना 'पुतळे केल्याचा अनुभव' एवढंच लिहू नये. मागितलेल्या उंचीच्या निदान निम्म्या उंचीचा धातूचा पुतळा उभारून त्याला पाच पावसाळे झालेले असावेत. अशी अट टाकली की निविदा भरणारे दोन-तीनच उरतात आणि मग स्पर्धा नाही म्हणून ओरड होते. ती सहन करावी.

ओतकामाच्या जागी जाऊन तपासायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण एकही सोडू नये. मिश्रधातू बहुधा ८५-५-५-५ चा असतो, तांबं ८५ आणि कथील, जस्त, शिसं पाच-पाच. कथील महाग, म्हणून भंगारातलं पितळ मिसळून ते वाचवलं जातं. प्रत्येक वेळी वितळवलेल्या धातूतून नमुन्याची कांडी ओतून घ्यावी, तिच्यावर तिथल्या तिथे क्रमांक ठोकावा आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावी. कांडी आपल्या माणसाने हातात घेऊन यावी, ओतारीच्या माणसाबरोबर पाठवू नये. जाडी अल्ट्रासॉनिक मापकाने, चौरस मीटरला निदान चार ठिकाणी. वेल्डिंगच्या जोडांवर रंगद्रव्याची चाचणी: लाल रंग लावायचा, पुसायचा, पांढरी पूड फवारायची, जिथे लाल रेघ उमटेल तिथे फट. आतल्या बाजूचे जोड बाहेरचं कवच बंद होण्याआधी बघावे लागतात. एकदा कवच बंद झालं की तिथे हात पोहोचत नाही आणि कागदावर सगळं 'समाधानकारक' होतं.

सगळ्यात जास्त बिघाड तारखेमुळे होतो. अनावरण जयंतीला ठरतं, किंवा आचारसंहितेच्या आधी. मग चौथऱ्याचं काँक्रीट पक्कं व्हायला लागणारे २८ दिवस कापले जातात, पावसात ताडपत्री धरून वेल्डिंग होतं आणि ओल्या हवेत जोडात बारीक छिद्रं राहतात. पृष्ठभागाला रसायनाने रंग चढवून वर मेण लावायचं काम दोन रात्रींत उरकलं जातं, आणि वर्षभरात खांद्यांवर हिरवट ओघळ येतात. कार्यारंभ आदेशातच एक कलम असावं: अनावरणाची तारीख रचनाकाराच्या, म्हणजे सांगाड्याचं गणित करणाऱ्या अभियंत्याच्या, लेखी दाखल्यानंतर निदान ३० दिवसांनी. आमच्याकडे हे कलम घालायला सगळ्यात जास्त विरोध झाला आणि तेच सगळ्यात उपयोगी पडलं.

मालवणला ११ मे २०२५ ला नवा पुतळा उभा राहिला. मूळ आकृती ६० फूट, चौथरा आणि तलवार धरून नव्वदच्या वर, आत स्टेनलेसचा सांगाडा, खर्च सुमारे ३१.७५ कोटी, आणि दहा वर्षांची देखभाल उभारणाऱ्यांकडेच. मोठा पुतळा करायचाच असेल तर असा करावा. पण तो राज्याने, राज्याच्या तिजोरीतून आणि समुद्राकाठच्या ऐतिहासिक किल्ल्यावर केलेला आहे. महापालिकेची तिजोरी आणि महापालिकेची बाग यांना ते माप लागू नाही. पुण्यात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला नानासाहेब करमरकरांचा अश्वारूढ पुतळा १९२८ चा आहे, साडेतेरा फुटांचा. घोड्याची मान, लगामाचा ताण, महाराजांची बैठक, सगळं डोळ्यांना पोहोचतं. शंभर वर्षं होत आली आणि तो धडधाकट आहे. शहराने एवढ्या मापाचा पुतळा उत्तम शिल्पकाराकडून करून घ्यावा, त्याला दोन वर्षं द्यावीत आणि वाचलेल्या पैशातून त्याच आवारात त्या व्यक्तीच्या नावाची अभ्यासिका बांधावी, असा प्रस्ताव आम्ही फाइलीत लावतो. दर वेळी मान्य होत नाही.

पुतळा मोठा असो की लहान, आत माणूस जाईल एवढं दार ठेवावं, ६० सेंटिमीटरचं, चौथऱ्याच्या मागच्या बाजूला. आत शिडी, वायुवीजनाच्या जाळ्या, वीजरोधक तार आणि पायापाशी पाणी निघून जायची भोकं. बाहेरून पाणी शिरलं नाही तरी रात्री धातू गार पडून आतल्या बाजूला दव धरतं आणि ते सांगाड्यावरून ओघळतं. वर्षातून एकदा साध्या साबणाच्या पाण्याने धुणं आणि मेणाचा हात. त्याला बूम लिफ्ट लागते, तिचं भाडं अंदाजपत्रकात देखभालीच्या वेगळ्या लेखाशीर्षाखाली दर वर्षी टाकावं, उद्यान विभागाच्या पोटात घालू नये, नाही तर ते पैसे हिरवळीवर जातात. पावसाळा संपला की ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दार उघडून टॉर्च घेऊन वर जायचं. आधी भोकांत घरट्याच्या काड्या आणि माती अडकली आहे का ते बघायचं, मग बोल्टच्या भोवती तांबूस ओघळ. बाहेर पावलांवर तसा एखादा ओघळ दिसला, तर आत गंज धरून बरेच महिने झालेले असतात, त्या दिवशीच रचनाकाराला फोन करायचा आणि चौथऱ्याभोवती दोरी बांधून लोकांना लांब ठेवायचं.